सरव्याची चिंच

आमच्या एक्स-रेच्या खोलीला खिडकी नाही. बाहेर कुठला हंगाम चाललाय ते मला हाडांवरून कळतं. पोळ्याला बरगड्या येतात, सोयाबीनच्या मळणीत बोटं येतात, ऊस सुरू झाला की ट्रॉलीला मागून धडकलेले गुडघे येतात. लग्नसराईत घोटे येतात, कारण वरातीत नाचणाऱ्याला रस्त्यातला खड्डा दिसत नाही. आणि थंडी उतरून ऊन जरा टोचायला लागलं की मनगटं येतात. लहान लहान, पेन्सिलीएवढ्या हाडांची, आणि नखांत चिंचेचा गर अडकलेली. तो आंबट वास खोलीत आला की मला कॅलेंडर बघावं लागत नाही.

यंदाचं पहिलं मनगट परवा आलं. दुसरीतली मुलगी होती, मूठ गच्च मिटलेली. मूठ उघडल्याशिवाय फोटो नीट येणार नाही म्हणून बरंच समजावलं, तेव्हा आतून तीन चिंचा निघाल्या. त्या तिनं माझ्या टेबलावर ठेवल्या आणि फोटो झाल्याबरोबर तिन्ही परत घेतल्या. जाताना माझ्याकडं असं बघितलं, जणू चौथी मीच खाल्ली. ती गेली, वास मागं राहिला, आणि मला तीन वर्षांपूर्वीची कोमल आठवली. खरं तर ती दरवर्षी ह्याच दिवसांत आठवते.

दवाखाना सरकारी आहे, कळंब आणि भूमच्या मधल्या पट्ट्यात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ह्या गोष्टीत एक चूक आहे, ती माझी आहे, गावाच्या माथी ती कशाला मारायची.

आमच्याकडं चिंचेचं झाड व्यापारी उक्तं घेतो. त्याची माणसं लांब काठ्या घेऊन वर चढतात, झाड झोडतात, खाली बायका पोती भरतात. चार दिवस नुसता पावसासारखा आवाज. मग ती माणसं काठ्या गोळा करून पुढच्या गावाला गेली की झाडावर जे राहिलं ते गावातल्या लेकरांचं. ह्याला सरवा म्हणायचं. ज्वारी-भुईमुगाचा सरवा जमिनीवर वेचतात, चिंचेचा मात्र वर असतो, अगदी शेंड्याला, जिथं मोठ्या माणसाचा भार फांदी झेलत नाही तिथं. लेकरांचा भार झेलते, बहुतेक वेळा. त्यामुळं झाड झोडताना कुणी पडल्याचं मी फारसं ऐकलेलं नाही. पडतात ती सरव्याच्या आठवड्यात.

मीही सरव्याच्या चिंचा खाऊनच मोठी झाले, लोहाऱ्याकडं. दोनदा पडले. पडल्यावर काय करायचं ते गावात सगळ्यांना ठाऊक असायचं. आधी काखेत हात घालून उभं करायचं, मग गदागदा हलवायचं, मग तोंडावर पाणी. मान अवघडली असेल तर आठवड्याच्या बाजारात मान बसवणारा एक जण असायचा, तो हनुवटी आणि टाळू धरून एक झटका द्यायचा. काही नाही झालं तरी आमचे एक काका दोन्ही तळहातांत डोकं धरून आम्हाला वर उचलायचे आणि विचारायचे, मामाचा गाव दिसला का. आम्ही खिदळत दिसला म्हणायचो. आता रोज मानेच्या मणक्यांचे फोटो बघते, आणि ते खिदळणं आठवलं की अंगावर काटा येतो. आम्ही सगळे शाबूत राहिलो ह्याचं मला खरंच नवल वाटतं.

त्या वर्षी आमच्याकडं गावित मॅडम होत्या. नंदुरबारकडच्या, नुकत्याच डॉक्टर झालेल्या, सरकारी बाँडचं एक वर्ष भरायला आलेल्या. अंगानं एवढ्याशा की पेशंट त्यांनाच विचारायचे, डॉक्टर कुठं गेलेत. मलाही पहिल्या महिन्यात त्यांचं विशेष काही वाटलं नव्हतं. वर्षभराची पाहुणी, जाईल, असं म्हणून मी माझं काम करत होते. वीस वर्षांची नोकरी झाली की माणूस जरा फुगतोच, मीही फुगले होते.

त्यांची लेकरांना तपासायची तऱ्हा वेगळी होती. आल्याआल्या हात लावायच्या नाहीत. लेकराच्या नजरेच्याही खाली येईल असं बुटकं स्टूल ओढून बसायच्या आणि म्हणायच्या, "एका बोटानं दाखव, कुठं दुखतंय." पूर्ण पंजा फिरवणाऱ्या लेकराशी त्या गप्पा मारत बसायच्या. पण ज्यानं एक बोट नेमकं मानेच्या मागं मधोमध टेकवलं, त्याच्यासाठी हातातलं सगळं काम थांबायचं. आणि लेकराची मान त्या स्वतः कधी वळवून बघायच्या नाहीत. बाकी सगळं ठीक वाटलं, तर लेकराला सांगायच्या, तू वळव, तुला जेवढं जमेल तेवढं.

एकदा मी एका चार वर्षांच्या लेकराचा फोटो घेऊन धावत गेले होते. मानेचा दुसरा मणका तिसऱ्यावर पुढं सरकलेला स्पष्ट दिसत होता. मी अँब्युलन्सच्या गाडीला फोनसुद्धा लावला होता. मॅडमनी लेकराला आधी नीट तपासलं, मग पडद्यावर मणक्यांच्या मागच्या बाजूनं बोटानं एक रेघ ओढून दाखवली. म्हणाल्या, ही रेघ सरळ जातेय बघा, लहानपणी मान सैल असते, एवढं सरकणं चालतं. उलट कधी फोटो साफ असतो आणि आत मोठं दुखणं असतं. लेकराची हाडं ओल्या फांदीसारखी वाकून परत जागेवर येतात, पण तेवढ्यात आतली मज्जारज्जूची दोरी ताणली जाते, आणि ती दोरी आपल्या फोटोत येत नाही. हे मला वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि खरं सांगायचं तर विसरून गेले.

कोमल आली तो शुक्रवार होता, जेवणानंतरची वेळ. जीप दवाखान्याच्या पायरीला लागली. मागच्या बाजूला खाली पत्र्यावर कोमलची आई बसली होती, पाय पसरून, आणि तिच्या दोन मांड्यांच्या मधे लेकीचं डोकं. दोन्ही तळहात कानांवर, कोपरं मांड्यांत रुतवलेली. अकरा किलोमीटरचा रस्ता, त्यातला निम्मा खडीचा, ती अशीच आली होती. आम्ही जवळ गेलो तरी तिनं हात काढले नाहीत. मॅडमनी त्या हातांच्या बाहेरून स्वतःचे हात लावले, आता मी धरलंय म्हणाल्या, तेव्हा कुठं तिनं आपले सोडले. नंतर पंधरा-वीस मिनिटं तिचे दंड थरथरत होते. पाण्याचा पेला तिला धरता येईना, मीच पाजलं.

कोमल पाचवीत होती. सरव्याच्या चिंचेला गेली आणि शेंड्याची फांदी तुटली. शाळेच्या फ्रॉकमध्येच होती, खिसे चिंचांनी फुगलेले. मॅडमनी सगळ्यांना एका दमात उचलायला लावलं, गळ्याला पट्टा बांधला, आणि माझ्या खांद्यावरची शाल मागून घेतली. शालीची घडी तिच्या खांद्यांखाली सरकवली. लेकराचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं, सपाट फळीवर निजवलं तर मान आपोआप पुढं वाकते, म्हणून खांद्यांना उंची द्यायची. एवढी साधी गोष्ट. ती शाल मी पुढं कधी अंगावर घेतली नाही, खोलीतच ठेवली आहे, कामाला येते.

मी फोटो काढला, आडवा किरण टाकून, तिला तसूभर न हलवता. पडद्यावर मान उमटली आणि माझा जीव भांड्यात पडला. मणके एकाखाली एक, सरळ रेघेत, कुठं चीर नाही, फट नाही. मॅडम शेजारच्या खोलीत दुसऱ्या पेशंटपाशी होत्या. फोटोत काय आहे ते सांगायचं काम माझं नाही, हे मला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तरी दारात उभे असलेले कोमलचे आई-वडील, त्यांचे चेहरे, माझ्यानं राहवलं नाही. मी बाहेर येऊन म्हटलं, फोटो एकदम चांगलाय, काही झालेलं नाही.

कोमलच्या वडलांनी हात जोडले. तिची आई मात्र तशीच उभी. पडल्यावर हाताला मुंग्या आल्या म्हणत होती लेकरू, असं ती मला म्हणाली. मी म्हटलं, पडल्यावर येतात हो मुंग्या, जातात आपोआप. कुणाच्या तोंडून काय निघतंय ह्याकडं लक्ष द्यायची मला तेव्हा सवयच नव्हती. मला पडदा दिसत होता, आणि पडदा स्वच्छ होता.

वडील आत गेले. लेकीला म्हणाले, चल, जाताजाता बाजारात मान बसवून घेऊ न् घरी जाऊ. कोमलही लगेच तयार. त्यांनी गळ्याच्या पट्ट्याची चिकटपट्टी ओढली, तिचा चर्र आवाज झाला. तो भिंतीपलीकडं मॅडमनी ऐकला. त्या दारात येऊन फक्त एवढंच म्हणाल्या, "तिला हात लावू नका." आवाज चढलेला नव्हता, पण वडलांचे हात जिथल्या तिथं थांबले.

पट्टा परत बांधला. बुटकं स्टूल पुढं आलं. मान दुखते का, न्हाय. हात जड वाटतात का, न्हाय. मुंग्या येतात का, आलत्या, आता न्हाईत. प्रत्येक प्रश्नाला कोमलचं उत्तर विचारायच्या आधीच तयार. मॅडमना त्या घाईचाच संशय आला. एवढी कसली गडबड आहे म्हणून विचारलं, तर परवा रविवारी शिष्यवृत्तीची परीक्षा. शाळेतून तिघंच बसणार होते, त्यात पहिली ती. गुरुजी रोज सकाळी लवकर बोलावून शिकवत होते. दहा वर्षांचं लेकरू छताकडं बघत सगळं दुखणं गिळत होतं, आणि मी तिला साफ फोटोचा आधार देऊन मोकळी झाले होते.

मॅडमनी पुढं काही विचारलं नाही. तिच्या खिशातून दोन चिंचा काढल्या आणि म्हणाल्या, मला हे टरफल काढता येत नाही, आमच्याकडं एवढ्या चिंचा नसतात, तू काढून दे. कोमलला हसू आलं. ह्या दिवसांत तिची आई घरी चिंचा फोडायचं काम आणायची, आईशेजारी बसून लेकीचीही बोटं चालायची. डाव्या हातात चिंच दिली. तिनं ती छातीवर धरली, अंगठ्यानं दाबली, टरफल कडकन् सुटलं. दुसरी चिंच उजव्या हातात दिली. अंगठा टेकला, पण दाबेना. बोटं वळली, पण धरेनात. चिंच हातातून निसटली, पोटावरून घरंगळली आणि खाली फरशीवर पडली.

कोमलच्या डोळ्यांतलं पाणी दोन्ही बाजूंनी कानांत गेलं, कारण मान वळवायची नाही असं तिला बजावलेलं होतं. मग ती हळूच म्हणाली, "मॅडम, माझं बोट ऐकंना गेलंय."

मी भिंतीला टेकले. वडील पुन्हापुन्हा एकच म्हणत होते, फोटो तर चांगला हाय म्हणाल्या की बाई. मॅडमनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, आणि मला चार माणसांत उघडं पाडलं नाही, हे मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी फरशीवरची चिंच उचलली आणि वडलांसमोर सोलली. आत चिंचोके एकाखाली एक, आणि वरपासून खालपर्यंत गेलेल्या शिरा. म्हणाल्या, "फोटोत चिंचोके दिसले, दादा. ते जागेवर आहेत. पण ही शीर ताणली गेली आहे असं मला वाटतंय, आणि ती बघायचं मशीन सोलापूरला आहे. बाजारातल्या माणसानं झटका दिला तर ती तुटेल." वडील मटकन् खाली बसले. परीक्षेचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही, कोमलनंसुद्धा.

गाडी यायला अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात मॅडमनी कोमलच्या आईला विचारलं, डोकं असं धरून आणायचं तुम्हाला कुणी सांगितलं. ती धनगराची लेक, लहानपणापासून शेरडांमागं फिरलेली. तिला प्रश्नाचंच नवल वाटलं. पडल्या ठिकाणी माणसं जमली, लेकराला उभं करा म्हणून ओरडायला लागली, तेव्हा तीच आडवी आली होती, कुणाला हात लावू दिला नव्हता. ती म्हणाली, "करडू बांधावरनं पडलं तर म्या उचलीत न्हाय. एकदा उचललं हुतं, मान लोंबली न् गेलं. तवापासनं आदी बगती, ते सोता मान उचलतंय का. ही उचलंना, मग म्याबी उचलली न्हाय."

पाच-सहा वर्षं पुस्तकं वाचून मॅडम जिथं पोचल्या होत्या, तिथं ही बाई एका करडाच्या मरणातून पोचली होती. लेकराची मान लेकरानंच हलवायची, आपण नाही. त्या वर्षी पुढं गावोगावच्या आशाताईंच्या बैठका झाल्या, त्यात मॅडम कागद बाजूला ठेवून ही करडाची गोष्टच सांगायच्या. आता आमच्या भागात झाडावरून पडलेलं लेकरू आलं की बरोबरची माणसं आधीच सांगतात, आमी उचललं न्हाय, आडवंच आणलंय. मॅडम वर्ष भरून गेल्या, त्यांची ही गोष्ट इथंच राहिली.

सोलापूरला मशीनमध्ये दिसलं ते तेच. हाडं शाबूत, आत दोरीला सूज. दुसऱ्या दिवशी कोमलचा उजवा हात पार खांद्यापर्यंत जड झाला. घरी असती तर काय झालं असतं, हा विचार मी त्या रात्री केला आणि पुढंही पुष्कळ रात्री केला. तीन महिने तिच्या गळ्यात कडक पट्टा होता. हात हळूहळू परत आला, आधी खांदा, मग मनगट, बोटं सगळ्यांत शेवटी. तिकडच्या डॉक्टरांनी बोटांच्या व्यायामाला रबरी चेंडू दिला होता. घरी आल्यावर आईनं चेंडू बाजूला ठेवला आणि पुढ्यात चिंचा ओतल्या.

जूनमध्ये मायलेकी दाखवायला आल्या तेव्हा मी कोमलच्या आईला बाजूला घेतलं. माझं चुकलं म्हणाले. तुम्ही मुंग्यांचं सांगत होतात आणि मी ऐकलं नाही. ती रागवेल असं वाटलं होतं, रागवली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "तुमाला फोटो दिसत हुता, बाई. मला लेकरू दिसत हुतं. तुमचं तरी काय चुकलं." ह्यात टोमणा नव्हता. नसल्यामुळंच ते बोलणं अजून लागतं.

तेव्हापासून माझ्या तोंडाला कुलूप आहे. फोटो साफ असो की नसो, डॉक्टर सांगतील एवढंच मी म्हणते. पण कान उघडे ठेवते. बरोबर आलेली आई, आत्या, शेजारीण जे काही पुटपुटते ते कागदावर लिहून फोटोबरोबर आत पाठवते. नवे डॉक्टर आधी हसायचे, आता विचारतात, आज काय लिहिलंय. टेबलाच्या खणात सालभर चार-सहा वाळक्या चिंचा असतात. दर हंगामाला बदलते. कुणाला वाटतं बाईंना डोहाळे लागलेत, ह्या वयात.

काल शनिवारी कोमल आली. आता आठवीत आहे, माझ्या खांद्याला लागते. आठवीच्या शिष्यवृत्तीचं केंद्र आमच्याच गावच्या हायस्कुलात आहे, आज तिची परीक्षा. बसायचा नंबर बघायला मायलेकी आल्या होत्या, जाताजाता दवाखान्यात डोकावल्या. बोलता बोलता तिनं माझा खण उघडला, एक चिंच उचलली. गणिताचा पेपर कसा असतो ते मला सांगत होती, नजर माझ्याकडं, आणि उजव्या हाताचा अंगठा आपलं काम करत होता. टरफल सुटलं, शिरा निघाल्या, सोललेली चिंच तिनं माझ्या हातावर ठेवली. काय करतेय ह्याकडं तिचं लक्षच नव्हतं. तिच्या आईचं होतं. माझंही होतं.

कोमल पाणी प्यायला बाहेर गेली तेव्हा तिची आई हळूच म्हणाली, अजून रोज सकाळी ती शाळेला निघाली की मी तिला मागून हाक मारते. मी म्हटलं, काही विसरते का ती. ती म्हणाली, "न्हाय, काम काय नसतंय. जाणाराला मागनं हाक मारू न्हाय म्हणतेत लोक. म्या मारती. ती वळून बगती, तेवडंच म्या बगती." आणि मग पिशवी उचलून निघाली.

मी व्हरांड्यात आले. माझ्या मुलाच्या परीक्षांना मी घरच्यांना दारात उभं राहू द्यायची नाही, कुणाच्या तोंडून मागून हाक जाईल म्हणून. एवढी मी ह्या बाबतीत कडक. मायलेकी फाटकाच्या बाहेर पडल्या, चिंचेच्या सावलीतून रस्त्याला लागल्या. कोमलची वेणी पाठीवर हलत होती. उद्या पेपर आहे हे मला ठाऊक होतं, तरी मी हाक मारली.

तिनं चालता चालताच मान वळवली, खांद्यावरून पार माझ्यापर्यंत.

"काय म्हणलात, मावशी?"

"काही नाही," मी म्हटलं. "जा."